दोन परक्या भाषा आणि एक तोंड

परकी भाषा एका वेळी एकच शिकावी, आणि दोन शिकण्याची हौस आवरतच नसेल तर एकमेकींशी सुतराम संबंध नसलेल्या दोन निवडाव्यात, हा सल्ला पुण्यात भाषांच्या वर्गाला जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कुणी ना कुणी दिलेला असतो. त्यामागचा तर्कही सोपा असतो. स्पॅनिश आणि इटालियन एकत्र घेतल्या तर दोघींचे शब्द एकमेकांत मिसळणार. जर्मन आणि जपानी घेतल्या तर मिसळायला काही उरतच नाही. मी नेमकी ही दुसरी जोडी घेतली आणि काही वर्षे दोन्ही भाषा सोबतीने शिकत आले आहे. त्या अनुभवावरून सांगायचे तर या सल्ल्यात भाषांच्या साम्याला जे महत्त्व दिले जाते ते अनाठायी आहे. आपण त्या भाषा बोलायला शिकतो आहोत की वाचायला, आणि दोन्हींचा श्रीगणेशा एकाच वेळी करतो आहोत की काय, या दोन गोष्टींवर बाकीचे बरेचसे अवलंबून असते.

पुण्यात ही जोडी जमणे नवलाचे नाही. फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट, मॅक्सम्युलर भवन, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि पेठांपासून बाणेरपर्यंत पसरलेले खासगी वर्ग यांच्यामुळे इथे परक्या भाषेची बॅच शोधायला लांब जावे लागत नाही. चाकण आणि रांजणगावच्या पट्ट्यात जर्मन आणि जपानी अशा दोन्ही कंपन्यांचे कारखाने आहेत, त्यामुळे अभियंत्यांची वर्गात वर्दळ असते. त्यांच्या शेजारी जर्मनीत नोकरीला निघालेल्या परिचारिका असतात, जपानी कार्टून पाहून लहानपणीच भाषेच्या प्रेमात पडलेली मुले असतात आणि निवृत्तीनंतर डोके चालते ठेवण्यासाठी आलेले एखादे काकाही असतात. माझे काम यंत्रांच्या माहितीपुस्तिका तयार करण्याचे. जर्मन त्या कामासाठी सुरू केली, जपानी हौसेखातर. आठवड्यातल्या संध्याकाळी जर्मन आणि शनिवार-रविवारी सकाळी जपानी, असे ते वेळापत्रक होते.

भाषा मिसळतात त्या कुठे, हे पहिल्याच काही महिन्यांत दिसू लागले. जपानीच्या वर्गात सकाळी काय खाल्ले हे प्रत्येकाने सांगायचे होते. पाव आणि अंडे, एवढेच माझे उत्तर होते आणि त्यासाठी लागणारे सगळे शब्द मला येत होते. ‘पान तो तामागो’ म्हणायच्या ऐवजी मी खणखणीत आवाजात ‘पान उंड तामागो’ म्हटले. पाव जपानी, अंडे जपानी, मधला ‘आणि’ तेवढा जर्मन. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या जपानीच्या बाईंनी, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि त्यांच्या ओळखीचा हा रोग असल्यासारखी मान डोलावली, कारण त्या वर्गात आमच्यापैकी निम्म्यांना तो होताच. उलट दिशेचा प्रवासही व्हायचा. जर्मनच्या वर्गात हजेरी घेताना माझ्या तोंडून ‘हाय’ असा जपानी होकार जाई. घरंगळत येत ते नेहमी असे बारीकसारीक शब्द: आणि, पण, हो, म्हणजे, कारण. पाठ केलेली नामे आणि क्रियापदे मात्र शिस्तीने आपापल्या घरी बसत.

याहून मजेची गोष्ट अशी, की अडखळल्यावर मदतीला मराठी कधी येत नसे. ‘पान आणि तामागो’ असे मी एकदाही म्हटले नाही, आणि दिवसभर कचेरीत वापरायची इंग्रजीसुद्धा त्या फटीत शिरली नाही. या प्रकाराचा अभ्यास करणाऱ्यांनी तो नीट नोंदवून ठेवलेला आहे. सारा विल्यम्स आणि ब्यॉर्न हामरबर्ग यांचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध या विषयात वारंवार उद्धृत होतो. विल्यम्स यांची मातृभाषा इंग्रजी, जर्मन चांगली अवगत, आणि स्वीडनमध्ये राहायला गेल्यावर त्या स्वीडिश शिकू लागल्या. त्यांच्या संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांतून असे दिसले, की स्वीडिश बोलताना नकळत जे परके शब्द तोंडून निसटत होते ते बहुतांशी जर्मन होते. इंग्रजी त्या वापरत, पण जाणूनबुजून. शब्द विचारायला, खुलासा करायला. परकी भाषा बोलायचे ठरवल्यावर मन मातृभाषेला दाराबाहेर थांबवते, पण परक्या म्हणून आत घेतलेल्या सगळ्या भाषा एकाच खोलीत बसलेल्या असतात, असे मला यावरून वाटते. त्यांची तोंडे एकमेकींशी जुळतात की नाही, याच्याशी त्या खोलीला काही देणेघेणे नसते. जर्मन आणि स्वीडिश या निदान जवळच्या नात्यातल्या तरी आहेत. जर्मन आणि जपानी यांचे नाते शोधूनही सापडणार नाही, आणि तरीही ‘उंड’ आलाच.

(नाते नसले तरी ओळख आहे, हे मात्र जाता जाता सांगायला हवे. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जपानने पाश्चात्त्य वैद्यक जर्मनांकडून घेतले. पुढे नामवंत साहित्यिक झालेले मोरी ओगाई हे लष्करी डॉक्टर म्हणून १८८४ ते १८८८ अशी चार वर्षे जर्मनीत शिकायला होते. त्या काळाची खूण म्हणून जपानी दवाखान्यात रुग्णाच्या कागदांना अजूनही ‘कारुते’ म्हणतात, मोडलेल्या हाताला ‘गिपुसु’ घालतात, आणि विद्यार्थी शिकता शिकता अर्धवेळ काम करतो त्याला ‘आरुबाइतो’ म्हणतात. हे तिन्ही शब्द जर्मन आहेत. दोन्ही भाषा शिकणाऱ्याला ही फुकट मिळालेली ठेव वाटते, पण ती ठेव फार मोठी नाही.)

खरी झुंज लागते ती आकड्यांत. आपण एकवीस म्हणतो, म्हणजे आधी एक आणि मग वीस. जर्मन ‘आइन-उंड-त्स्वान्त्सिश’ म्हणतो, म्हणजे एक आणि वीस. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या माझ्या वर्गमित्रांना हे उलटे वाटे. मराठी शाळेत पाढे घोकलेल्या आम्हा काही जणांना ते घरचेच वाटले. जर्मनमध्ये अडीच वाजले हे सांगायला ‘हाल्ब ड्राय’, म्हणजे अर्धा तिसरा, असे म्हणतात, आणि आपला अडीच तरी कुठून आला? संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’ वरूनच. जपानी मात्र या भानगडीत पडत नाही. एकवीस म्हणजे ‘नि-जू-इची’, दोन-दहा-एक. अडीच वाजले म्हणजे दोन वाजून अर्धा. जपानी मूल दहापर्यंत मोजायला शिकले की नव्याण्णवपर्यंतचा रस्ता त्याला आपोआप सापडतो. आपल्याकडे एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत चाचपडणारी मुले दुसरी-तिसरीपर्यंत दिसतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ च्या जोडीला ‘वीस एक’ अशी मांडणी आली तेव्हा केवढे वादळ उठले होते, ते अनेकांना आठवत असेल. तो वाद वर्तमानपत्रांतून थेट विधिमंडळापर्यंत गेला. त्या वेळी फारसे कुणी सांगितले नाही, की हा प्रश्न केवळ आपला नाही. नॉर्वेमध्ये १९५१ साली सरकारी निर्णयाने आकडे सांगण्याची पद्धत बदलून आधी दशक आणि मग एकक अशी केली गेली, तरी जुनी पद्धत बोलण्यातून अजून पुरती गेलेली नाही. जर्मनीत ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’, म्हणजे अक्षरशः ‘वीस एक’, असे नाव धारण केलेली एक संस्था याच बदलासाठी प्रयत्न करते. दोन्ही पद्धतींत रोज ये-जा करणाऱ्या माझ्यासारखीला विचाराल तर जपानी पद्धत शिकायला निःसंशय सोपी आहे, आणि तरीही एकवीसचे वीस-एक करण्याची घाई मला नाही. मोजणी ही अशी गोष्ट आहे, की ती माणूस मनातल्या मनात मातृभाषेतच करतो. तिथे हात घालणाऱ्याला सोपेपणाच्या मुद्द्यापलीकडे बरेच काही उत्तर द्यावे लागेल.

वर्गात मात्र तत्त्वचर्चेला वेळ नसतो. जर्मन शिक्षक पंच्याहत्तर म्हणतात तेव्हा पाच आधी ऐकू येतो, म्हणून मी डावीकडे जागा सोडून आधी पाच लिहायची आणि मागून सात भरायचा, अशी सवय हाताला लावून घेतली. मग शनिवारी सेन्सेई किमती वाचून दाखवत, ‘नाना-जू-गो’ ऐकू येई, आणि हात आदल्या संध्याकाळच्या सवयीने सात उजवीकडे टाकून मोकळा होई. पंच्याहत्तर येनची वस्तू माझ्या वहीत सत्तावन्न येनला मिळे. मोठ्या रकमा तर विचारूच नका. दीड लाख ही रक्कम मराठीत लाखाच्या घरात बसते. जर्मन तिला एकशे पन्नास हजार म्हणतो. जपानीत दहा हजाराचे वेगळे एकक आहे, ‘मान’, आणि दीड लाख म्हणजे ‘जू-गो-मान’, पंधरा मान. एकच रक्कम तीन ठिकाणी तोडायची, आणि तीही समोरचा माणूस उत्तराची वाट पाहत असताना.

याच्या नेमके उलटे चित्र व्याकरणाच्या खोलात गेल्यावर दिसते. तिथे या दोन भाषा एकमेकींच्या वाटेला जातच नाहीत, कारण त्या मराठीच्या वेगवेगळ्या खांबांना टेकून उभ्या राहतात. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. मराठी माणसाला तीन लिंगे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. सूर्य स्त्रीलिंगी कसा, यावर तो जरा थबकतो, पण ‘मेडशेन’ ही मुलगी नपुंसकलिंगी आहे हे ऐकून आपल्याकडच्या पोरगं आणि कार्टं या शब्दांची आठवण होऊन हसतो. ‘वाइल’, म्हणजे कारण, हा शब्द आला की जर्मन क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसते. तिथे इंग्रजीची सवय नडते आणि मराठीची कामी येते.

जपानीत तर मराठी माणसाला घबाड सापडते. शब्दांचा क्रम आपलाच, विभक्तीचे प्रत्यय आपल्यासारखेच नामाच्या मागे, हे सगळे पहिल्या आठवड्यात कळते. पण मला सर्वांत भावला तो क्रियापदांच्या जोड्यांचा भाग. ‘ताबेते’ म्हणजे खाऊन आणि ‘मिरु’ म्हणजे बघणे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे. ‘काइते’ म्हणजे लिहून, ‘ओकु’ म्हणजे ठेवणे; ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे. घेऊन जाणे ‘मोत्ते इकु’. खाऊन टाकणे यासाठी ‘ताबेते शिमाउ’, ज्यातल्या ‘शिमाउ’ चा मूळ अर्थ आवरणे, संपवणे असा आहे. आमचे पाठ्यपुस्तक इंग्रजीतून लिहिलेले होते आणि त्यात ‘ओकु’ साठी सबंध पान खर्ची पडले होते: पुढे उपयोग होईल या हेतूने एखादी क्रिया आधीच पूर्ण करणे, तसेच एखादी स्थिती आहे तशी राहू देणे, वगैरे. सेन्सेई मराठीच होत्या. त्यांनी पुस्तक मिटले आणि म्हणाल्या, ‘पाहुणे यायचे आहेत, पाणी गार करून ठेव. झाले.’ वर्गातल्या एका तमिळ सहाध्यायिनीनेही लगेच मान हलवली, कारण तिच्या भाषेतही अशा जोड्या आहेत. त्या एका मिनिटात जे कळले ते इंग्रजीच्या आधाराने शिकणाऱ्याला कळायला कितीतरी सराव लागतो. पुण्यात परक्या भाषा इंग्रजीतून शिकवण्याचा जो रिवाज पडला आहे, त्यात आपण किती सोप्या वाटा बंद करून घेतो, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

लिपीच्या बाबतीतही तसेच. जपानी मुळाक्षरांची पारंपरिक यादी अ, इ, उ, ए, ओ या स्वरांनी सुरू होते आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशी जाते. ही बाराखडी ओळखीची वाटते, कारण तिचा क्रम बौद्ध धर्माबरोबर जपानात पोहोचलेल्या सिद्धम् लिपीच्या आणि संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आला आहे. ‘सा’ आपल्या च-वर्गाच्या जागी आणि ‘हा’ प-वर्गाच्या जागी कसा, हे कोडे वाटते. उत्तर असे, की प्राचीन जपानीत हे उच्चार अनुक्रमे ‘च’ आणि ‘प’ यांच्या जवळचे होते. हे कळल्यावर मला ती अक्षरे निराळी पाठ करावी लागली नाहीत. आणि एकदा का कागदावर जपानी अक्षरे आली, की जर्मन तिथे डोकावतही नाही. डोळ्यांनी शिकलेल्या भाषा एकमेकींना ओलांडत नाहीत. गोंधळ घालायला त्यांना तोंड लागते.

म्हणूनच विनोबांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक झाली आणि त्या काळात काही दिवस ते वेल्लोरच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा एकदम शिकायला घेतल्या. चार कशाला, असे कुणी विचारले तेव्हा पाचवी नाही म्हणून, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा निवडा, या सल्ल्याच्या हे सपशेल विरुद्ध आहे. या चारही सख्ख्या बहिणी. पण विनोबांना त्या भाषा हव्या होत्या त्या मुख्यतः तिथल्या संतांचे आणि धर्माचे वाङ्मय वाचण्यासाठी. संस्कृतचा पाया पक्का होता, चारही भाषांत संस्कृत शब्दांचा भरणा होता, आणि शेजारी शेजारी ठेवल्यामुळे एका भाषेतली खूण दुसरीत पटत होती. वाचणाऱ्याला साम्य उपयोगीच पडते. त्या चारही भाषांत बाजारहाट करायचा असता तर त्यांनाही एकीचा ‘आणि’ दुसरीत सापडला असता, असे मला धीटपणाने म्हणावेसे वाटते.

दुसरा मुद्दा आरंभाचा. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातले जपानी विचारवंत आणि शिक्षणतज्ज्ञ फुकुझावा युकिची यांची गोष्ट सांगावी लागेल. जपानने दारे बंद करून घेतली होती त्या काळात युरोपीयांपैकी फक्त डचांना नागासाकीत व्यापाराची मुभा होती, म्हणून पाश्चात्त्य विद्या शिकायची तर डच शिकावी लागे. फुकुझावांनी ओसाकातल्या नामांकित पाठशाळेत रात्रंदिवस खपून डच आत्मसात केली. १८५९ साली नव्याने खुल्या झालेल्या योकोहामा बंदरात ते गेले आणि पाहतात तो दुकानांच्या पाट्या त्यांना वाचता येईनात, व्यापाऱ्यांचे बोलणे कळेना. सगळा कारभार इंग्रजीत होता. त्यांची निराशा केवढी झाली असेल याची कल्पना करता येते. पण ते इंग्रजीच्या मागे लागले तेव्हा त्यांना आढळले, की डच व्याकरणावर घेतलेली मेहनत वाया गेलेली नाही; इंग्रजी वाक्य त्या वाटेने उलगडत होते. त्यांना ते जमले, कारण दुसरी परकी भाषा सुरू करताना पहिली पक्की झालेली होती.

दोन्ही भाषा एकदम अगदी पहिल्या पानापासून सुरू केल्या की हीच शिडी आपण स्वतःच काढून घेतो. पहिल्या पायरीवर प्रत्येक भाषा तीच मागणी करते: नाव सांगा, घड्याळ सांगा, किंमत विचारा, काल काय केले ते सांगा. म्हणजे दोन्ही वर्गांत एकाच महिन्यात तोंड एकाच कामाला जुंपलेले असते, आणि ते काम ज्या छोट्या शब्दांवर चालते तेच शब्द घसरणारे असतात. एक भाषा बरीच पुढे गेली, तिचे ‘आणि’ आणि ‘कारण’ विचार न करता येऊ लागले, की दुसरीचा आरंभ तिला धक्का लावत नाही. माझ्या मते ही रेषा युरोपीय मोजणीतल्या बी-१ पातळीच्या, म्हणजे ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांतल्या तिसरीच्या, आसपास असते. त्या पातळीच्या जर्मन परीक्षेत जोडीदाराबरोबर एखादा बेत ठरवावा लागतो, मग एका विषयावर बोलावे लागते आणि प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. हे ज्याला जमले त्याच्या तोंडात ती भाषा मुरली, असे समजायला हरकत नाही.

जपानीची जेएलपीटी ही परीक्षा याबाबतीत अगदी वेगळी आहे. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती होते, सर्वांत सोप्या एन-५ पासून सर्वांत अवघड एन-१ पर्यंत पाच पातळ्या आहेत, आणि कोणत्याही पातळीला तोंडी परीक्षा नाही; वाचायचे, ऐकायचे आणि पर्यायापुढचा गोल काळा करायचा. ती पद्धत मला अपुरी वाटते, आणि वरच्या पातळ्या पार करूनही बोलताना अडखळणारी माणसे पुण्यात पुष्कळ भेटतात. पण दोन भाषा चालवणाऱ्याच्या ती पथ्यावर पडते. एका भाषेने बोलण्याची परीक्षा घ्यावी आणि दुसरीने वाचण्याची, म्हणजे वर्षभर दोघींना वेगवेगळी कामे मिळतात. मी सध्या असेच करते. जर्मनचे संभाषण आठवड्यातून एकदा चुकवत नाही, आणि जपानी जास्त करून वाचते, कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरे, लिहिते. सर्वसाधारण वापरासाठी म्हणून जपान सरकारने नेमून दिलेल्या कांजी २१३६ आहेत, त्यामुळे वाचणारीला काम कमी पडण्याची भीती नाही. बोलण्याचा जपानी वर्ग आणि जर्मनचा वर्ग एकाच दिवशी येऊ देत नाही.

गेल्या महिन्यात माझी भाची दोन प्रवेशअर्ज घेऊन आली, एक जर्मनचा आणि एक फ्रेंचचा. ‘मावशी, दोन्ही ए-१ एकदमच करून टाकते, सुट्टीच आहे,’ असे तिचे म्हणणे होते. मी तिला सांगितले, की जर्मनचा अर्ज आजच भर, आणि फ्रेंचच्या वर्गात बी-१ होईपर्यंत जाऊ नकोस. फ्रेंच वाचायची असेल तर मात्र आज रात्रीपासून वाच, पुस्तक मी देते. पुस्तक तिने घेतले. अर्जही दोन्ही परत पिशवीत टाकले, त्यामुळे तिने काय ठरवले ते आता बॅच सुरू झाल्यावरच कळेल.